मरळीवर हात बसलाय, आता थेम्सवर पाइक: फ्लाय रॉडचं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकरोडचा आहेस, दारणेवर चेहेडीच्या अंगाला मरळीला गळ टाकतोस, ऑक्टोबरपासून दोन वर्षं कंपनी इंग्लंडला रीडिंगला पाठवतेय, नऊ फुटी पाच नंबरचा फ्लाय रॉड घेऊन ठेवलायस, तर त्यावर नदीतला पाइक, म्हणजे तिकडचा दातेरी शिकारी मासा, निघेल का, तो नदीत शोधायचा कुठे, आणि इथून काय काय न्यायचं. काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय. मी त्याच रीडिंगला चार हिवाळे काढलेत, थेम्सवर आणि केनेटवर, शनिवार-रविवार बायकोच्या शिव्या खाऊन, त्यामुळे जे स्वतः करून बघितलंय तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, पाच नंबर नाही चालणार (नंबर म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो ते). माशाला घाबरून नाही म्हणत, पाच नंबरवर चार किलोचा मासा निघतोही, पण प्रश्न फ्लायचा आहे. पाइकची फ्लाय म्हणजे पंधरा-वीस सेंटीमीटरचा केसांचा झुबका, भिजला की ओल्या मोज्यासारखा जड होतो, आणि फ्लाय फेकताना वजन जाड लाइनचं कामी येतं, गळाचं नाही, पाच नंबरची बारीक लाइन तो मोजा हवेत नेऊच शकत नाही, तो तुझ्या मानेवर येतो. दुसरं म्हणजे हलक्या रॉडवर मासा फार वेळ खेळवावा लागतो आणि दमलेला पाइक सोडल्यावर जगेलच असं नाही. नऊ फुटी नऊ नंबर घे, फार तर आठ. दहाने दिवसभर खांदा भरून येतो. लाइन पाइकसाठीची म्हणून मिळते, पुढचा भाग आखूड आणि जाड असलेली, तीच घे. तरंगणारी एक आणि हळू बुडणारी, जिला इंटरमीडिएट म्हणतात, ती एक. एकच घ्यायची ऐपत असेल तर इंटरमीडिएट. ती सेकंदाला जेमतेम चार-पाच सेंटीमीटर बुडते, म्हणजे फेकून दहापर्यंत मोजलंस तर फ्लाय साधारण अर्धा मीटर खाली, असा हिशोब डोक्यात ठेवायचा.

रीळ साधं चालेल, त्यावर पैसे घालू नकोस. पाइक शंभर यार्ड पळणारा मासा नाही, दोन-तीन जोरदार धडका मारतो आणि मग किनाऱ्याजवळ डोकं झटकतो. मी बहुतेक पाइक हातानेच लाइन ओढून काढले, रिळाला हात न लावता.

वायर मात्र लागतेच. इथे मरळीला आपण जाड तंगूस किंवा ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, लावून भागवतो, कारण मरळीचे दात तंगूस खरवडतात. पाइकचे दात कापतात. वरच्या जबड्यात टाळूला सगळे आतल्या बाजूला वळलेले बारीक दात आणि खालच्या जबड्यात सुळे, ऐंशी पौंडी फ्लुरोकार्बनसुद्धा मी सपकन गेलेलं बघितलंय. आणि तंगूस तुटलं की तुझी फ्लाय गेली हे महत्त्वाचं नाही, माशाच्या तोंडात गळ राहिला हे महत्त्वाचं आहे. गाठ मारता येते अशी मऊ, अनेक तारा पिळलेली वायर मिळते, वीस-तीस पौंडी, तिचा वीतभरापेक्षा थोडा जास्त, म्हणजे तीस सेंटीमीटरचा तुकडा, टोकाला क्लिप, म्हणजे फ्लाय बदलता येते. वायरच्या वर सहा-सात फूट साधं पंचवीस-तीस पौंडी नायलॉन. ट्राउटवाले लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला दोरा, बारीक बारीक करत नेतात ते इथे काही नको, पाइकला लीडर दिसत असेल तरी त्याला फरक पडत नाही.

आता मुख्य गोष्ट, नदीत तो असतो कुठे. तुला मरळ येते ना, मग हे अर्धं तुला येतंच. मरळ कशी, जलपर्णीच्या कडेला, बुडलेल्या बाभळीखाली, स्थिर पाण्यात दबा धरून बसलेली, पोहत फिरून शिकार करत नाही, जवळ आलं की झडप. पाइकचा स्वभाव तोच. पाठीवरचा आणि त्याच्या खालचा पंख मागे शेपटीजवळ, त्यामुळे पहिली उडी बंदुकीच्या गोळीसारखी, पण लांब पाठलाग नको त्याला. फक्त मरळ संथ पाणी मिळालं की खूश, पाइकला वाहत्या नदीत ते संथ पाणी शोधावं लागतं, आणि तुलाही तेच शोधायचंय. पाण्याकडे बघताना मासा शोधू नकोस, न हलणारं पाणी शोध. धार जोरात जातेय आणि तिच्या बाजूला पाणी थांबलंय किंवा उलटं फिरतंय, वाळलेलं पान पुढे जायच्या ऐवजी गोल गोल घुटमळतंय, ती जागा. आणि त्यातही मधोमध नाही, धार आणि थांबलेलं पाणी जिथे भेटतात त्या कडेला. तो बसतो थांबलेल्या पाण्यात, तोंड धारेकडे करून, कारण जेवण धारेतून येतं.

रीडिंगला हे कुठे कुठे, तर केनेट थेम्सला मिळते तो संगम, कॅव्हरशॅमच्या बंधाऱ्याखाली मुख्य उसळत्या पाण्याच्या दोन्ही अंगाचं शांत पाणी, बांधून ठेवलेल्या बोटींच्या रांगांखाली, पाण्यावर वाकलेल्या विलोच्या फांद्यांखाली, आणि लॉकच्या, म्हणजे बोटी चढवा-उतरवायच्या दरवाजांच्या, आसपासचे आडवे फाटे. हिवाळ्यात गवत मेलं की रोच, ब्लीक, डेस हे छोटे मासे थवेच्या थवे करून मरीनात आणि बोटींच्या आडोशाला जमतात, पाइक त्यांच्या मागोमाग. म्हणून एक जागा सापडली की दुसरी तिच्या जवळच असते, कधी कधी एकाच बोटीखालून तीन निघतात आणि मग पुढे दोन किलोमीटर काहीच नाही. म्हणून चालायचं. एका जागी पंधरा-वीस कास्ट, म्हणजे फेकी, पंख्यासारखे पसरून, पुढची जागा. गळ लावून बिडी ओढत बसणाऱ्यांचा हा खेळ नाही.

फ्लायचं अंतर फार नको. बारा-पंधरा मीटर व्यवस्थित जाते का, बास. कारण जवळच असतो तो. किनाऱ्यावर जाऊन उभं राहायच्या आधी दोन-तीन मीटर मागूनच पहिले कास्ट पायाखालच्या पाण्यात टाक, मी पहिल्या हिवाळ्यात कितीतरी पाइक बुटाच्या आवाजाने उठवले, गढूळ ढग तेवढा दिसायचा पाण्यात.

पूर आला की काय करायचं हेही विचारून घेशीलच. आपल्याकडे नाशिकला गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं त्यावरून गावाला पूर कळतो, तसं तिथे लॉकवर बोर्ड लावतात, पिवळा असेल तर पाणी वाढतंय किंवा उतरतंय, लाल असेल तर जोराचा प्रवाह. बोर्ड खरं तर बोटवाल्यांसाठी आहेत पण आपल्यालाही उपयोगी. पाण्याची पातळी एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या साइटवर घरबसल्या दिसते, शुक्रवारी रात्री बघायची सवय लाव. लाल असताना फ्लाय घेऊन जाऊच नकोस, चहासारख्या पाण्यात फ्लाय दिसत नाही आणि काठ निसरडे असतात, थंडीच्या कपड्यात पाण्यात पडलास तर पोहता येऊन काही उपयोग नाही. पण पाणी उतरायला लागलं, रंग चहावरून हिरवट झाला आणि हातभर खालचा दगड दिसायला लागला की ते दोन-तीन दिवस सोन्याचे, तेव्हा आजारपणाची रजा टाकली तरी मी काही म्हणणार नाही. पुरात सगळे मासे काठाच्या आडोशाला येऊन दाटलेले असतात आणि पाइक उपाशी असतो.

ओढायची कशी. नवीन माणूस एकसारखी ओढतो, झट झट झट. पाइक बहुतेक वेळा फ्लाय थांबते तेव्हा मारतो, म्हणजे ओढलीस, फ्लाय पुढे आली, सोडलीस, ती आडवी वळून तरंगल्यासारखी झाली, त्या क्षणी. लांब खेच, थांब, दोन आखूड, थांब. आणि पाणी जितकं गार तितकं हळू, जानेवारीत पाणी पाच-सहा डिग्री असतं तेव्हा मी इतकं हळू ओढायचो की बाजूचा माणूस विचारायचा, अडकलीय का. धारेत असशील तर आडवी फेकून प्रवाहालाच फ्लाय घेऊन जाऊ दे, धारेतून फिरत फिरत ती थांबलेल्या पाण्यात शिरते ना, तिथे दम धर, लगेच उचलू नकोस. फ्लाय त्याच्या डोक्याच्या वर राहिलेली बरी, त्याचे डोळे वर आणि समोर बघतात, पोटाखालून गेलेलं त्याला दिसत नाही फारसं.

आणि शेवटचे दोन मीटर. पाइक मागे मागे येतो आणि काठाशी येऊन बघत राहतो, हिरव्या अंगावर पिवळट ठिपके, जवळजवळ न हलता. तेव्हा फ्लाय बाहेर काढायची नाही, रॉडचं टोक पाण्यात घालून मोठा इंग्रजी आठ (8) काढल्यासारखं वळवायचं. रुंद वळण, छोटं नाही. माझे सगळ्यात मोठे दोन मासे पायाशी असेच लागलेत. हृदयाचा त्रास असेल तर करू नकोस.

पाइकने फ्लायवर झडप मारली की काय करायचं. इथे तुझी मरळीची सवय आडवी येणार आहे. बेडकावर मरळीने फटका मारला की आपण एक श्वास थांबतो, बेडूक आत जाऊ देतो, मग रॉड वर उचलून जोरात. फ्लायवर हे दोन्ही चुकीचं. थांबायचं नाही आणि रॉड उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन सणकून मागे ओढायची. तू येवल्याला संक्रांतीला पतंग उडवलायस का, पेच लागल्यावर ढील न देता खेच मारतो ना आपण, अगदी तो हात. रॉड उचललास तर वाकतो तो रॉड, टाळूच्या हाडात गळ काही रुतत नाही. आणि चुकलास, फ्लाय सुटली, तरी ती पाण्यातच राहते, मासा परत फिरून मारतो. रॉड उचलून चुकलास तर फ्लाय झाडावर.

फ्लाय बांधायची हौस असेल तर बांध, खर्च वाचतो. गळ चार-शून्य ते सहा-शून्य आकाराचा, टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला. बकटेल म्हणजे अमेरिकन हरणाच्या शेपटीचे केस, सगळ्या व्हिडिओत तेच दाखवतात, ते इथे कुठूनतरी मिळवायच्या फंदात पडू नकोस, हरणाच्या अवयवांवर आपला १९७२चा वन्यजीव कायदा आहे, फुकटचा डोक्याला ताप. बोकडाचे लांब केस मस्त चालतात, पाण्यात बकटेलपेक्षा जास्त हलतात असं माझं मत. चमकीसाठी मी मेन रोडवरून वाढदिवसाच्या डेकोरेशनची झालर आणायचो, कात्रीने उभी चिरायची, आणि एकदा येवल्याहून पैठणीवाल्या नातेवाइकाकडून नकली जरीचं अर्धं रीळ उचललं होतं ते अजून संपलं नाहीये. रंगाचं फार डोकं लावू नकोस, गढूळ पाण्यात काळी किंवा भडक पोपटी, स्वच्छ पाण्यात पांढरी, पांढऱ्याला गळ्याशी लाल. तीन फ्लाय पुरे. केस, पिसं वगैरे इथून घेऊन जाण्यापेक्षा तिथेच घे, विमानतळावर प्राण्यांच्या वस्तूंवरून प्रश्न नकोत. दारणेवर वापरलेले बूट, जाळी नेणार असशील तर धुऊन कडकडीत वाळवून ने, तिथे एका नदीतलं दुसऱ्या नदीत नेऊ नका यावर खूप जोर असतो, तपासा, धुवा, वाळवा असं बोर्डावरच लिहिलेलं असतं.

कायद्याचं पटकन: इंग्लंडमध्ये गळ टाकायला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं लायसन्स लागतंच, तेरा वर्षांपुढे सगळ्यांना, ऑनलाइन मिळतं. त्याशिवाय ज्याचा काठ त्याची परवानगी, म्हणजे क्लबची मेंबरशिप किंवा दिवसाचं तिकीट, काही पट्टे फुकट आहेत पण बोर्ड वाचून खात्री कर. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी, १६ जूनला सुरू. उघडली तरी उन्हाळ्यात पाइकच्या मागे लागू नकोस, पाणी वीस डिग्रीच्या आसपास गेलं की दमलेला पाइक सावरत नाही. ऑक्टोबर ते मार्चचा मध्य हा आपला सीझन, तू जातोयस तो मुहूर्त बरोबर आहे. खायला नेण्याबद्दल, नदीतून दिवसाला एकच, तोही ६५ सेंटीमीटरपर्यंतचा, असा नियम आहे, पण बहुतेक क्लब एकही नेऊ देत नाहीत आणि खरं सांगू, रोहूच्या काट्यांना वैतागणाऱ्याने पाइकच्या वाटेला जाऊच नये, फाटे फुटलेले काटे असतात मांसात.

आता जे तुला अजिबात येत नाही, आणि मलाही येत नव्हतं, ते. मरळ हवा घेते. वर येऊन श्वास घेणारा मासा आहे तो, म्हणून बाजारात टबात जिवंत मिळते, पिशवीतून घरी आणली तरी बेसिनमध्ये उड्या मारते. आपण लहानपणापासून मरळ अशीच हाताळलेली, काठावर टाकली, गळ निवांत काढला, मित्राला फोन करून फोटो. पाइकला ती सोय नाही, पाण्याबाहेर तो गुदमरतो. दिसतो मगरीसारखा, आहे मात्र नाजूक.

माझा पहिला थेम्सचा पाइक, डिसेंबर, दुपारी दोनची वेळ, साडेतीन किलोच्या आसपास. उचलून गवतावर ठेवला. गळ आत, टाळूच्या मागे. पकड बॅगेत, बॅग वीस पावलं मागे, ती आणली तर पकड निघाली घरातली, आखूड, इलेक्ट्रिकच्या कामाची. बोटं घातली. पाइकने काही केलं नाही, फक्त जबडा मिटला, आणि मी हात बाहेर ओढला ती माझी चूक, आत वळलेल्या दातांवरून बोटं उलटी ओढली गेली, तीन बोटांच्या पेरांवर करवत फिरवल्यासारखं झालं आणि थंडीत बधिर असल्यामुळे दुखलंही नाही आधी, गवतावर लाल थेंब दिसले तेव्हा कळलं. त्यात फोटोही काढला मी, रक्ताच्या हाताने. बाजूच्या नॅरोबोटीवरचे एक म्हातारे खाली उतरले, एक शब्द न बोलता फूटभर लांब फोर्सेप घेऊन आले आणि दहा सेकंदात गळ बाहेर. पण तोवर पाच-सहा मिनिटं गेली होती. पाण्यात सोडला तर आडवा झाला, पांढरं पोट वर. गुडघाभर पाण्यात उभा राहून वीस मिनिटं धरला, कल्ले हलायचे, परत थांबायचे. नाही वाचला. म्हातारे जाताना एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी आधी हत्यारं, मग रॉड. रात्री पोळी खाताना बोटं झोंबली ती वेगळीच.

म्हणून खरेदीची यादी उलटी कर. पहिल्यांदा तीस सेंटीमीटरचा लांब फोर्सेप, मजबूत साइड कटर, रबराच्या जाळीचं मोठं नेट आणि मासा ठेवायची जाड गादी, अनहुकिंग मॅट म्हणतात, ती. हे झाल्यावर पैसे उरले तर रॉड. पद्धत अशी: जाळीत घेतला की जाळी पाण्यातच राहू दे, तोवर फोर्सेप हातात, मॅट ओली, फोन खिशात. मग उचलायचा, मॅटवर पाठीवर झोपवायचा. डाव्या हाताची बोटं कल्ल्याच्या झाकणाच्या आत, पण झाकणाला चिकटून, पुढे हनुवटीकडे सरकवत न्यायची, लाल कल्ल्यांना स्पर्शसुद्धा नको, तेही कापतात आणि त्यालाही लागतं. हनुवटीच्या टोकाशी हाडाची खाच लागते, तिथे धरून हलकं वर उचललं की तोंड आपोआप उघडतं. जबरदस्ती लागत नाही. काटा दाबलेला गळ फोर्सेपने उलटा फिरवला की निघतो. खूप आत असेल तर कल्ल्याच्या फटीतून मागून फोर्सेप घालून गळ उलथायचा, तरी नाही जमलं तर कटरने गळच तोडायचा, गळ पन्नास रुपयांचा असतो. फोटो एकच, मॅटवरून फार न उचलता. सोडताना शांत पाण्यात, तोंड हलक्या प्रवाहाकडे, शेपटीपाशी धरून, पुढे-मागे हलवत बसायचं नाही. स्वतः झटका देऊन निघून जातो.

पहिले दोन-तीन पाइक कोणातरी अनुभवी माणसाबरोबर काढ. तिथले क्लबवाले याबाबतीत फार चांगले आहेत, विचारलंस तर हसत शिकवतात, न विचारता मासा मारलास तर मात्र बोलून दाखवतील.

पाच नंबरचा रॉड विकू नकोस, जूननंतर केनेटवर डेस आणि चब या माशांना तोच लागेल. आणि निघायच्या आधी एखाद्या रविवारी सकाळी सहाला गोल्फ क्लब ग्राउंडवर ये, मी माझा नऊ नंबर आणि गळ नसलेली, नुसत्या लोकरीची फ्लाय घेऊन येतो. चालणारी मंडळी पतंग का हो म्हणून विचारतील, विचारू देत. गॉगल आण, आणि टोपी.